रुसलेला योना बसवताना

संगीत नाटक बसवायचं, मुलं प्रामुख्याने आठवी-नववीची, गोष्ट बायबलमधली. एवढं ठरलं आणि बैठकीत जो तो नोहाच्या तारवावर अडून बसला. प्राण्यांचे मुखवटे, जोडीजोडीने चालणारी पोरं, शेवटी इंद्रधनुष्य, पालक खूश. मी योनाचं नाव काढलं तर समोरून पहिला प्रश्न आला, "आणि मासा कसा करणार?" पुढे तालमी सुरू झाल्या तरी भेटेल तो हेच विचारायचा. मला माशाची काळजी नव्हती. योनाचं पुस्तक चार अध्यायांचं, अवघ्या ४८ वचनांचं. त्यात मासा येतो जेमतेम तीन वचनांत. माझा जीव अडकला होता चौथ्या अध्यायात, आणि मुलांसाठी ही गोष्ट सांगताना नेमका तोच बहुतेक वेळा गाळला जातो.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देव योनाला सांगतो, ऊठ, निनवेला जा, त्या शहराची दुष्टाई माझ्यापर्यंत पोचली आहे असं त्यांना बजाव. योना उठतो खरा, पण निघतो बरोबर उलट्या दिशेला. याफो बंदरात जाऊन, रीतसर भाडं भरून, तार्शीशला निघालेल्या जहाजात बसतो. समुद्र खवळतो. खलाशी आपापल्या देवाचा धावा करतात, माल पाण्यात फेकतात, आणि हा तळाशी ढाराढूर झोपलेला. चिठ्ठ्या टाकतात तर चिठ्ठी याच्याच नावाची निघते. मला उचलून समुद्रात टाका, असं तो स्वतःच सांगतो. तरीही ते बिचारे आधी जीव तोडून वल्ही मारतात, किनारा गाठायला बघतात. नाइलाज झाल्यावरच त्याला टाकतात. मग मासा, तीन दिवस नि तीन रात्री, प्रार्थना, आणि मासा त्याला कोरड्या जमिनीवर ओकून टाकतो. दुसऱ्यांदा हुकूम होतो. आता योना निनवेत जातो आणि एकच वाक्य बोलतो: अजून चाळीस दिवस, मग निनवे पालथं होणार. त्या एका वाक्यावर अख्खं शहर, राजापासून गुराढोरांपर्यंत, गोणपाट पांघरून उपास धरतं. देव शिक्षा मागे घेतो.

इथे पडदा पाडावा असं कुणालाही वाटेल. पण योना संतापतो. तू दयाळू आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी पळालो होतो, असं देवाला तोंडावर सुनावतो. शहराच्या पूर्वेला मांडव घालून बसतो, आता काय होतंय ते बघत. देव त्याच्या डोक्यावर एक झुडूप उगवतो, सावली पडते, स्वारी खूश. दुसऱ्या दिवशी पहाटे एक किडा त्या झुडपाला लागतो, ते वाळून जातं. वर पूर्वेचा होरपळवणारा वारा. योना म्हणतो, यापेक्षा मेलेलं बरं. देव विचारतो, एका रात्रीत आलेल्या आणि एका रात्रीत गेलेल्या झुडपासाठी तू इतका हळहळतोस, मग ज्या शहरात उजवा हात कुठला नि डावा कुठला हेही न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्याची मला कीव येऊ नये? संपलं पुस्तक. योना काय उत्तर देतो ते लिहिलेलंच नाही.

विद्यार्थ्यांच्या नाटकासाठी यापेक्षा चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही, आणि त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. दावीद-गल्याथात कामं दोन, बाकी पोरं सैन्य म्हणून उभी. एस्तेरची गोष्ट झकास, पण तिचे सगळे डावपेच राजवाड्यात चार माणसांत चालतात. योनात मात्र घोळक्याला काम आहे. खलाशी घोळक्याने, निनवेकर घोळक्याने, गुरं घोळक्याने. समुद्र आणि मासासुद्धा मुलांनीच व्हायचं. एकही पोर विंगेत नुसतं उभं राहणार नाही. ज्याने साठेक मुलं सांभाळत तालमी घेतल्या आहेत त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. विंगेत रिकामी उभी असलेली पोरं नाटक पाडतात, रंगमंचावरची नव्हे.

तयार संहिता आणून करावी असंही एक मत होतं. छापील संगीतिका करायच्या तर हक्कधारकांची परवानगी काढावी लागते, शुल्क भरावं लागतं, आणि शब्द किंवा गाण्यांचा क्रम आपल्या सोयीने बदलायची मुभा सहसा नसते. बायबलची गोष्ट सगळ्यांची आहे, पण तिचे अलीकडचे अनुवाद आणि त्यांवरची गाणी कुणाची तरी असतात. म्हणून संहिता मी लिहिली, गाण्यांचे शब्द अर्धे माझे नि अर्धे मुलांचे, चाली संगीताच्या बाईंच्या. एवढ्या कमी वेळात दोन तासांचं कसं होणार, असं त्या म्हणाल्या. दोन तासांचं करायचंच कुठे होतं? योसेफाच्या गोष्टीवरचं 'जोसेफ अँड द अमेझिंग टेक्निकलर ड्रीमकोट' आज मोठमोठ्या नाट्यगृहांत होतं, पण १९६८ मध्ये लंडनच्या एका शाळेत मुलांनी ते पहिल्यांदा गायलं तेव्हा सगळा मामला पंधराएक मिनिटांत आटोपला होता. आम्ही पाऊण तासावर तडजोड केली.

संहिता पालकांना आधीच वाचायला दिली. हे मी कुणालाही सांगेन. धर्मग्रंथातली गोष्ट आहे, प्रत्येक घरी तिच्याकडे बघायची नजर निराळी. ज्यू लोक योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, दुपारी सभास्थानात हे पुस्तक वाचतात, ख्रिस्ती लोकांना येशूच्या तोंडचं 'योनाचं चिन्ह' (तीन दिवसांनी पुन्हा उठण्याची खूण) आठवतं, कुराणात हाच योना युनुस म्हणून येतो. एका घरून निरोप आला की पैगंबराचं सोंग आणणं आमच्यात बसत नाही, मुलाला नाटकात घेऊ नका. मी त्यांच्याशी बोललो. मुलाने रंगमंचावर यायचं नाही, प्रकाशयोजनेचं टेबल सांभाळायचं, असं सगळ्यांच्या संमतीने ठरलं. त्याच्या वहीत प्रत्येक क्यू दोन रंगांच्या शाईत लिहिलेला असायचा, आणि प्रयोगात एकही दिवा चुकीच्या वेळी लागला नाही.

चर्चमध्ये मुलांना शिकवणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनीही संहिता वाचली. मला वाटलं होतं, मासा ओकतो तो प्रसंग त्यांना खटकेल. ते हसून म्हणाले, "तसंच लिहिलंय शास्त्रात, तुम्ही कशाला लाजता?" त्यांची हरकत वेगळीच होती. देवाचा आवाज घुमवू नका, म्हणाले. माइकमधून घुमणारा आवाज राक्षसाचा वाटतो, आणि या पुस्तकातला देव तर बहुतेक वेळ समजूत घालतोय. दुसरं, शेवटी बोध सांगणारा सूत्रधार आणू नका. पुस्तकात तो नाही. दोन्ही सूचना शिरसावंद्य मानल्या. देवाची वाक्यं तीन मुली गायच्या, प्रेक्षागृहाच्या तीन कोपऱ्यांतून, माइकशिवाय, कधी एकत्र तर कधी एकीमागून एक. आवाज नेमका कुठून येतोय ते कळेना म्हणून योना खरोखरच माना वळवायचा. अभिनय शिकवावा लागला नाही.

चालींबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण विद्यार्थ्यांच्या संगीतिका बहुतेक इथे आपटतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे आवाज फुटत असतात. आज काळी चारमध्ये मोकळा गाणारा मुलगा महिन्याभराने त्याच पट्टीत चिरकतो, आणि चारचौघांत चिरकला की पुन्हा तोंड उघडत नाही. बाईंनी आधीच ठरवून टाकलं की एकट्याने गायची गाणी आटोपशीर ठेवायची, एका सप्तकाच्या आत, आणि प्रत्येक गाणं दोन पट्ट्यांत तयार ठेवायचं. कोरसमध्ये फुटलेल्या आवाजाच्या मुलांना खालचा आधारस्वर दिला. वादळात तो कामाला आला. जहाज करकरतंय असं वाटायचं.

शब्द लिहिताना त्यांनी माझ्या बऱ्याच ओळींवर काट मारली. वरच्या सुरावर 'आ' किंवा 'ए' आला तर पोरांचे गळे उघडतात, 'ई' नि 'उ' आले की आवळतात. 'निनवे उद्ध्वस्त होणार' ही माझी लाडकी ओळ द्रुत लयीत साठ तोंडांतून आली तेव्हा दात वाजल्यासारखी ऐकू आली. 'पालथं' केल्यावर गाणं पळायला लागलं.

खलाशांचं गाणं हे बाईंचं खरं कसब. मजकुरात आहे की प्रत्येक जण आपापल्या देवाचा धावा करत होता. त्यांनी खलाशांचे तीन गट पाडले आणि तिघांना तीन वेगळ्या चाली दिल्या: एक लांबवलेली, एक ठेक्याची, एक नुसती दोन सुरांत घुटमळणारी. तिन्ही चाली एकाच कॉर्डच्या फेऱ्यावर बेतलेल्या, त्यामुळे एकेकट्या गा नाहीतर एकमेकींवर चढवा, बेसूर होत नाही. फक्त शिकवायची रीत सांभाळावी लागते. प्रत्येक गटाला त्याचीच चाल शिकवली तर एकत्र आणल्यावर कान शेजाऱ्याच्या मागे धावतो. म्हणून तिन्ही चाली सगळ्यांना आल्याच पाहिजेत, मग गट पाडायचे. ज्या दिवशी तिन्ही एकत्र बसल्या त्या दिवशी पोरं स्वतःच थबकून ऐकायला लागली आणि गाणं बंद पडलं.

वादळाची सुरुवात मात्र उसनी घेतली. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराने नोहाच्या जलप्रलयावर मुलांना घेऊन एक ऑपेरा केला, १९५८ मध्ये तो इंग्लंडमधल्या ऑर्फर्डच्या चर्चमध्ये झाला. त्यात पावसाचे पहिले थेंब म्हणून दोरीला टांगलेले कप वाजवायला लावले होते. आम्हीही निरनिराळ्या आकाराचे कप ओळीने टांगले आणि लाकडी चमच्याने वाजवले. तडा न गेलेला कप शोधताना बाईंनी भांड्यांच्या कपाटातला प्रत्येक कप वाजवून पाहिला. तारवाच्या बाजूने भांडणाऱ्यांना तेवढाच नोहा मिळाला.

आता समुद्र. हलक्या, सुळसुळीत निळ्या कापडाच्या पट्ट्या एकमेकींना जोडून रंगमंचाच्या रुंदीएवढी चादर केली आणि दोन्ही टोकांना मुलं उभी केली. वाटतं तितकं हे सोपं नाही. हात डोक्याच्या वर गेले की कापडाखाली हवा भरते, त्याचा फुगा होतो आणि तो जहाजावर जाऊन बसतो. लाट हवी तर हात कमरेच्या आसपासच राहिले पाहिजेत, आणि एका टोकाने उचललं की दुसऱ्याने दाबायचं. मुलं हे मोजून करत होती तोवर लाट यांत्रिक वाटायची. मग आकडे बंद केले आणि खलाशांच्या चालींवर हात टाकायला सांगितलं.

योनाला पाण्यात टाकायचं कसं? मुलाला उचलून फेकायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, त्यावरून पोरं नाराज होती. कापडाच्या मधोमध आम्ही एक उभी फट ठेवली, तिच्या कडा एकमेकींवर वीतभर येतील अशा, म्हणजे लाटा चालू असताना फट दिसत नाही. योना स्वतःच्या पायांनी चालत येतो, खलाशी त्याच्याकडे पाठ फिरवतात, आणि तो फटीत गुडघ्यांत वाकत वाकत खाली जातो. आधी कंबर, मग खांदे, मग एक हात. हात दिसेनासा झाला की कापड एकदम जमिनीला टेकवायचं आणि सगळे आवाज तोडायचे. समुद्र शांत झाला हे दाखवायला दुसरं काही लागलं नाही. कापडाखालून रांगत तो मागच्या विंगेत जायचा, आणि तिथून माशात.

मासा बाहेरून दाखवलाच नाही. दिसतो तो आतून. मुलं दोन ओळींत समोरासमोर उभी, पुढची गुडघ्यांवर, मागची उभ्याने. हात वर करून समोरच्याच्या बोटांना बोटं भिडवलेली, म्हणजे बरगड्यांची कमान. मागे पांढरा पडदा, त्याच्या पाठीमागून लालसर उजेड. एवढ्याने ती कमानच वाटत होती, मासा नव्हे. मागच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हा श्वास घेत नाहीये." मग सगळ्यांनी मिळून नाकाने श्वास घ्यायचा तेव्हा हात फाकायचे, तोंडाने सोडायचा तेव्हा मिटायचे, असं सुरू केलं. वाद्य एकही नाही. तीसेक मुलांचा एका लयीतला श्वास आणि त्यावर योनाची प्रार्थना. मजकुरातल्या त्या प्रार्थनेत डोक्याला शेवाळ गुंडाळल्याचं, डोंगरांच्या मुळांपर्यंत उतरल्याचं वर्णन आहे. चाल लावायला मुद्दाम काही करावं लागत नाही, ते गाणंच आहे.

याच जागी आम्ही योना बदलला. पहिल्या दोन अध्यायांचा योना एक मुलगा, पुढच्या दोन अध्यायांची एक मुलगी. एकाच मुलावर अख्ख्या नाटकाचा गळा टाकायचा नाही, हे त्यामागचं कारण. उगाच काही गहन शोधू नये. प्रार्थनेचं पहिलं कडवं तो गायचा, बरगड्या मिटायच्या, उघडायच्या तेव्हा त्याचा झगा हिच्या अंगावर. मग मासा ओकायचा, आणि ही थेट पहिल्या रांगेसमोर येऊन पडायची. ओकण्याचा आवाज मुलांनी स्वतःच तयार केला होता. त्याचं वर्णन करत नाही.

निनवेसाठी गोणपाट हवं होतं. जुन्या काळी हे जाडंभरडं कापड बहुधा बकरीच्या केसांचं असे. आम्ही ताग वापरला. पहिल्याच तालमीत पोरं खोकायला लागली, कारण तागाची कूस घशात जाते, आणि गाणाऱ्याला त्याहून वाईट काही नाही. प्रत्येक झुलीला आतून सुती अस्तर लावलं, गळ्याशी पट्टी शिवली, झुली अंगणात झटकून झटकून अर्ध्या केल्या. राजाच्या फर्मानात माणसांबरोबर गुरांनीही उपास करावा, गोणपाट पांघरावं असं स्पष्ट आहे. ही कामं पाचवी-सहावीच्या मुलांना दिली. उपाशी, रागावलेल्या, आपलं काय चुकलं हे न कळणाऱ्या गुरांचं गाणं त्यांनी असं काही म्हटलं की नाटक तिथेच त्यांनी खिशात घातलं.

आणि इथेच घोटाळा झाला. रंगीत तालमीला इतर वर्ग प्रेक्षक म्हणून बोलावले होते. निनवेचं मोठं गाणं संपलं, सगळी मुलं रंगमंचावर, सूर टिपेला, टाळ्यांचा कडकडाट. बघायला आलेली पोरं उठून दारांकडे चालू पडली. चौथा अध्याय सुरू झाला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मुख्याध्यापक मला म्हणाले, "इथंच संपवा की. छान झालंय." संगीताच्या बाईंचंही मत काहीसं तसंच होतं. नाटकाच्या गणिताने दोघांचंही बरोबर होतं.

मुलांना आम्ही सुरुवातीलाच थोडा इतिहास सांगितला होता. निनवे म्हणजे अश्शूरांचं (असिरियन लोकांचं) मोठं शहर, नंतर त्यांची राजधानी. त्याच अश्शूरांनी इ. स. पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं. अमित्तयाचा मुलगा योना म्हणून एका संदेष्ट्याचा उल्लेख बायबलमधल्याच राजांच्या दुसऱ्या पुस्तकातही आहे, तो त्या आधीच्या पिढीतला. योनाचं पुस्तक मात्र बऱ्याच अभ्यासकांच्या मते खूप नंतर लिहिलं गेलं, म्हणजे वाचणाऱ्यांना ठाऊक होतं की या निनवेने पुढे आपलं काय केलं. आणि निनवेचं काय झालं हेही: इ. स. पू. ६१२ मध्ये ते पडलं, आणि १८४० च्या दशकात आजच्या मोसुलसमोर, टायग्रिसच्या पलीकडच्या काठावर, त्याचे अवशेष उकरून काढावे लागले. हे ऐकल्यावर मागच्या बाकावरून एक आवाज आला होता, "म्हणजे योनाचा राग बरोबरच होता." त्यावर वर्गात जी भांडाभांडी झाली ती मी मुख्याध्यापकांना सांगितली. शत्रूला माफी मिळाली म्हणून रुसलेला माणूस हे नाटक आहे, त्याआधीचं सगळं त्याच्या रुसण्याची तयारी. चौथा अध्याय काढला तर उरतो तो समुद्र आणि श्वास घेणारा मासा. ते म्हणाले, ठीक आहे, पण लोक उठता कामा नयेत. ही अट मला मान्यच होती.

तोडगा बाईंनी काढला. मोठं गाणं संपतं, पण ड्रम थांबत नाही. टाळ्यांच्या खालून तो ठेका चालूच राहतो, दिवे जराही मंद होत नाहीत, आणि टाळ्या भरात असतानाच योना गर्दीतून वाट काढत, लोकांना कोपराने ढकलत, बाहेर येऊन बसतो. नाचणाऱ्या शहराकडे पाठ करून. कोरस नाचत नाचतच विंगेत जातो. ठेका चालू असताना माणूस खुर्चीवरून उठत नाही, असा बाईंचा अनुभव. तो खरा ठरला.

योना झालेल्या या मुलीबरोबर सगळ्यात जास्त वेळ मी रुसण्यावर घालवला. सुरुवातीला ती ओरडायची, पाय आपटायची. ते राग झाला, रुसवा नव्हे. मी तिला विचारलं, घरी रुसतेस तेव्हा काय करतेस? काही करत नाही, म्हणाली. मग तेच कर म्हटलं. ती बसली, प्रेक्षकांकडे अर्धी पाठ करून, आणि झग्याच्या काठाचा सुटलेला धागा ओढत राहिली. देवाच्या मुली विचारायच्या, "तुझं रागावणं बरं आहे का?" ती धागा ओढायची. पुन्हा विचारायच्या. ती धागा बोटाला गुंडाळायची. तिच्या बोटाचं टोक लाल झालेलं मला तिसऱ्या रांगेतून दिसत होतं.

झुडूप म्हणजे हिरव्या छत्र्या. कोरसची मुलं मिटलेल्या छत्र्या घेऊन तिच्यामागे उकिडवी बसायची आणि एकेक फट्‌कन उघडत उठायची, शेवटची थेट तिच्या डोक्यावर. योनाच्या चेहऱ्यावर नाटकात पहिल्यांदा हसू. किडा झाला होता पाचवीतला सगळ्यात बारका मुलगा, डोक्यावर खाणकामगारासारखा दिवा बांधून. तो प्रत्येक छत्रीच्या दांड्याला चावायचा आणि छत्री मिटायची. पहिल्या प्रयोगात मधली एक छत्री अडकली. तो चावला. छत्री तशीच. पुन्हा चावला. प्रेक्षकांत खसखस. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही हातांनी दांडा धरून असा काही चावा घेतला की छत्रीवाल्याने ती तशीच उघडी उलटी करून विंगेत पळवली. हशा काही केल्या थांबेना. आणि पुढचं वाक्य होतं, मला मरण येईल तर बरं. योनाने ते म्हटलं नाही. ती हसणाऱ्या लोकांकडे बघत राहिली, रुसलेलीच, इतका वेळ की मला घाम फुटला. हशा आपोआप विरला तेव्हा तिने ते वाक्य हळू आवाजात म्हटलं. पुढच्या प्रयोगात छत्री मुद्दाम अडकवावी का असं किड्याने विचारलं. नको म्हटलं.

शेवटचा प्रश्न तिन्ही मुली एकत्र गायच्या, सोबतीला फक्त हार्मोनियम. "आणि पुष्कळ गुरंढोरं" या शब्दांवर पाचवी-सहावीची गुरं विंगेतून डोकावायची. चाल षड्जावर येतच नाही, निषादावर थांबते. कान पुढच्या सुराची वाट बघत राहतो. तिथे दिवे. मग अभिवादनाला सगळे गुरांचंच गाणं पुन्हा म्हणायचे, म्हणजे टाळ्या वाजवायला आलेल्यांचीही सोय झाली.

सगळ्यांना ते पटलं असं नाही. एक पालक मला म्हणाले, शेवट अर्धवट वाटला, मुलांना काहीतरी शिकवण मिळायला हवी होती. दुसऱ्या एका बाई त्यांच्याशी तिथल्या तिथे वाद घालायला लागल्या की योनाचं बरोबर होतं, असं कसं कुणालाही माफ करायचं. मी मधे पडलो नाही.

नंतर दुसऱ्या एका शाळेने संहिता मागितली. दिली, चौथा अध्याय कापायचा नाही एवढ्या अटीवर. त्यांच्याकडे मुली जास्त आहेत, म्हणून खलाशांच्या चाली बाईंनी वर चढवून, पट्ट्या लिहून पाठवल्या. समुद्राचं कापडही मागत होते, पण ते फटीपाशी विरलंय. नवं घ्या आणि फटीच्या दोन्ही टोकांना दुहेरी शिवण मारा, असं कळवलं.